काट्यापुढची रांग

वर्षभर या सदरात मी दोन रकान्यांत मावेल एवढेच बोलतो. दिवाळी जवळ आली की संपादक उदार होतात आणि ‘यंदा जरा ऐसपैस लिहा’ असे कळवतात. ऐसपैस म्हटले की माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराकडून वाचक एखाद्या जुन्या ग्रंथाची, गेला बाजार बालपणीच्या फराळाची अपेक्षा करतात. पण यंदा पोळ्यापासून माझ्या डोक्यात एकच विषय घोळतो आहे, आणि तो आहे घरातल्या एका डबीचा. राउटर म्हणतात तिला. बुलढाण्याला महाविद्यालयात समास आणि अलंकार शिकवणाऱ्या माणसाने राउटरवर लिहावे हे लोहाराने अत्तर विकण्यासारखे आहे, हे मला कळते. पण वाचकहो, या डबीपायी माझ्या हातून घरात एक अन्याय घडला. तो कसा घडला हे उमजायला मला मनाने पार कॅलिफोर्नियापर्यंत जावे लागले आणि तेथून परत आमच्या गावाकडच्या कापूस खरेदी केंद्रावर यावे लागले. तेव्हा थोडा धीर धरा.

ही डबी आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांच्या कपाटावर असते. तिला दोन शिंगे आणि चार हिरवे दिवे आहेत. दिवे लुकलुकत असले म्हणजे सारे ठीक, एवढेच तिच्याविषयीचे माझे ज्ञान. सौ.चे ज्ञान माझ्याहून एक पायरी पुढचे. दिवे लुकलुकेनासे झाले की ती बटण बंद करून पुन्हा चालू करते, आणि बहुधा डबी शुद्धीवर येते.

जून महिन्यातली गोष्ट. आमची कन्या यंदा बी.एस्सी. झाली. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याच्या एका संस्थेत तिची मुलाखत होती, आणि ती घरबसल्या संगणकावर द्यायची होती. सकाळी साडेअकराची वेळ. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मी दारावरची घंटा काढून ठेवली. पडद्यावर तीन परीक्षक दिसू लागले. पहिली पाच मिनिटे उत्तम गेली. मग कन्येचा आवाज तुटू लागला. ती बोले, आणि समोरचे तिघे स्वस्थ बसून असत. ती थांबून पुढच्या प्रश्नाची वाट पाही, तेव्हा कोठे मागच्या उत्तराचे दोन शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत. ‘तुमचा आवाज येत नाही’ हे वाक्य आम्ही दाराआडून नऊ वेळा ऐकले. पंचवीस मिनिटांची मुलाखत बारा मिनिटांत आटोपली.

मागच्या खोलीत आमचे चिरंजीव बसले होते. यत्ता अकरावी. आदल्या दिवशी ते मित्रांबरोबर लोणारचे सरोवर पाहून आले होते आणि तेथली चित्रफीत मित्रांना पाठवत होते. कारण समोर दिसले, आरोपी हाताशी होता, आणि न्यायाधीश संतापलेला. मी त्याला बोललो. नको ते बोललो. ‘तुझ्यामुळे ताईचे वर्ष गेले’ हे माझे शेवटचे वाक्य.

त्याने उलट उत्तर दिले नाही. पुढे निवडलेल्यांच्या यादीत कन्येचे नाव आले नाही. ते आवाजापायीच आले नाही असे म्हणण्याला आधार नाही, पण घरात तसे न बोलता ठरून गेले. त्या दिवसापासून चिरंजीव मोबाइल हातात घेण्याआधी दारात उभे राहून विचारू लागले, ‘बाबा, मी नेट वापरू का?’ शब्दांत खोच नव्हती. खोच असती तर मला बरे वाटले असते.

मध्यमवर्गीय माणूस अपराधी वाटू लागला की पैसे खर्च करतो. जोडणी देणाऱ्याच्या कार्यालयात जाऊन मी ३० ऐवजी ६० मेगाबिटची योजना घेतली. महिन्याला सव्वादोनशे रुपये जास्त. पहिल्याच रविवारी गावाकडे आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चित्रफोन लावला आणि चिरंजिवांना मुद्दाम एक चित्रफीत पाठवायला सांगितले. वडिलांचा चेहरा पडद्यावर गोठला तो गोठलाच. वेग दुप्पट, आणि ताटकळणे जेवढ्यास तेवढे. कार्यालयातल्या मुलाने सांगितले, ‘सर, मग शंभरची घ्या.’

पोळ्याला माझा भाचा आला. तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. पुरणपोळी झाल्यावर मी त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याने आपला संगणक उघडला आणि म्हणाला, ‘मामा, आधी मोजू.’ घरातून एक छोटी हाक बाहेर पाठवायची आणि तिचा ओ परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. घर शांत असताना २२ मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा हिस्सा. मग त्याने चिरंजिवांना चित्रफीत पाठवायला लावले. आकडा चढू लागला. शंभर, चारशे, हजार, आणि शेवटी २,३०० वर जाऊन स्थिरावला. सव्वादोन सेकंद! समोरासमोर बोलल्याचा भास टिकायला आवाज एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा लागतो म्हणतात. येथे तर मधल्या वेळात माणूस सुपारी कातरून खाईल.

‘मग चूक याचीच ना?’ मी चिरंजिवांकडे बोट केले.

‘नाही, मामा. चूक रांगेची आहे.’

मग त्याने जे सांगितले ते माझ्या भाषेत सांगतो. आपण काहीही पाठवले, मग ते पत्र असो, छायाचित्र असो की आवाज, तर ते अखंड जात नाही. त्याची छोटी छोटी पाकिटे होतात. एका पाकिटात फार तर १,५०० बाइट, म्हणजे १२,००० बिट. आपल्या डबीत एक लहानसा संगणकच असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात कर्नल नावाचा गाभा असतो, तो तेथला कारभारी. बहुतेक घरगुती डब्यांत हा गाभा लिनक्सचा असतो. लायनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेला. कोणते पाकीट आधी सोडायचे, कोणते थांबवायचे, किती थांबवायचे हे हा कारभारी ठरवतो. पाकिटे येतात भराभर आणि बाहेरची वाट असते अरुंद. म्हणून त्यांना थांबायला जागा ठेवलेली असते. तिला बफर म्हणतात. आपण कोठार म्हणू.

आता हिशेब करा. साध्या तारेच्या जोडणीसाठी लिनक्सच्या गाभ्यात रांगेची मर्यादा वर्षानुवर्षे १,००० पाकिटांची होती. १,००० गुणिले १२,००० म्हणजे एक कोटी वीस लाख बिट. आमच्या जोडणीची बाहेर जाण्याची वाट सुमारे पाच मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख बिट. भागाकार करा, जवळजवळ अडीच सेकंद येतात. चित्रफितीने कोठार भरून टाकले की कन्येच्या आवाजाचे चिमुकले पाकीट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहते, आणि अडीच सेकंदांनी त्याचा नंबर लागतो. तोवर मागून आणखी पाकिटे आलेलीच असतात. रांग हलते, पण संपत नाही.

आणि माझे सव्वादोनशे रुपये? ते आत येणारी वाट रुंद करण्यात गेले. बाहेर जाणारी वाट तेवढीच राहिली. मलकापूरहून बुलढाण्याला येताना खालचा रस्ता कितीही रुंद केला, तरी राजूर घाटात वाहने एकामागे एकच चढणार, त्यातला प्रकार.

भाचा बोलत होता आणि माझे मन दुसरीकडेच चालले होते.

साल १९८८ असावे. मी दहा वर्षांचा होतो. कापसाची एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली होती आणि आमच्याकडचा सगळा कापूस खरेदी केंद्रावरच घालावा लागे. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला वडील गाडी भरून गेले, मीही हट्टाने बरोबर गेलो. आमच्या त्या केंद्राचे आवार प्रचंड होते. फाटकावरचा माणूस कोणालाही अडवत नसे. ‘या, या, आत घ्या’ म्हणे. आम्हाला वाटले, केवढा भला माणूस! आत गेल्यावर कळले की पुढे दीडेकशे गाड्या उभ्या आहेत आणि काटा एकच. ग्रेडर दुपारी आला आणि सूर्य मावळायच्या आत गेला. पहिली रात्र गाडीखाली काढली. दुसरीही तेथेच. मागे फिरायचे म्हटले तर मागे आणखी शंभर गाड्या लागलेल्या. बैलांची वैरण संपली. वडिलांनी चढ्या भावाने कडबा घेतला आणि मला शेंगदाणे घेऊन दिले, त्यांनी स्वतः काय खाल्ले ते मला आठवत नाही. आमच्या मागे एक म्हातारी होती. तिच्याजवळ एकच गाठोडे होते. वेचणीच्या मजुरीत मिळालेला कापूस असेल. पुढे तीस-तीस क्विंटलचे ट्रॅक्टर, आणि त्यांच्या मागे हे पाच-सात किलोचे गाठोडे. तिचा काटा व्हायला दोन मिनिटे लागली असती. तीही दोन रात्री बसून राहिली.

फाटकावरच्या माणसाने पहिल्याच दिवशी ‘आज येऊ नका, परवा या’ असे सांगितले असते, तर आम्ही शिव्या घालीत का होईना घरी गेलो असतो. त्याने नकार दिला नाही. आवार मोठे होते, म्हणून त्याला नकार द्यायची गरजच वाटली नाही. पाणी मुरत होते ते नेमके येथे.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो एकदम म्हणाला, ‘मामा, अगदी हेच! फक्त हे जगाला कळायला पंचवीस वर्षे लागली.’

ही पंचवीस वर्षांची कथा ऐकण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि तेथलेच विद्यापीठ यांच्यामधला दुवा अचानक बसला. अंतर अवघे ४०० यार्ड. सेकंदाला ३२,००० बिट जायचे तेथे ४० बिट जाऊ लागले. चालत जाऊन चिठ्ठी दिली असती तरी लवकर पोहोचली असती! व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी कारण शोधले. पाठवणारे सगळे संगणक अडाण्यासारखे पाकिटे ढकलत होते. एखादे हरवले की तेच पुन्हा, आणखी जोराने. १९८८ मध्ये त्यांनी उपाय लिहून प्रसिद्ध केला. तो असा की, पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवत जावे, आणि पाकीट हरवले की ती सूचना समजून हात आखडता घ्यावा. ही अक्कल त्यांनी युनिक्सच्या गाभ्यात घातली. आजही जगातले बहुतेक संगणक याच तत्त्वाने वागतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हरवलेले पाकीट कायमचे जात नाही. पोहोच आली नाही हे पाठवणाऱ्याला कळते आणि तो ते पुन्हा पाठवतो. म्हणजे पाकीट टाकून देणे ही हानी कमी आणि निरोप जास्त. ‘बाबा रे, हळू’ एवढाच त्याचा अर्थ. सारी शिस्त या एका निरोपावर उभी आहे, आणि तो वेळेवर मिळाला तरच तिला अर्थ आहे.

पुढे स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्या. डबी करणाऱ्यांना वाटले, पाकीट टाकून द्यावे लागणे ही नामुष्की आहे; तेव्हा कोठार मोठे करा, एकही पाकीट पडता कामा नये. हेतू चांगलाच होता. पण कोठार जेवढे मोठे, तेवढा ‘हळू’ हा निरोप उशिरा. तोवर पाठवणारा खुशाल ढकलत राहतो, आणि रांग फुगत राहते. याची जाणीव जॉन नेगल या संगणकतज्ज्ञाने १९८५ मध्येच करून दिली होती. अमर्याद कोठार असले तरी कोंडी टळत नाही, असे दाखवणारे टिपणच त्याने लिहिले होते. पण शहाण्याचे बोलणे आणि जगाचे ऐकणे यांच्यात नेहमीच एक लांब रांग असते.

२०१० मध्ये अमेरिकेत जिम गेटिस या अनुभवी संगणकतज्ज्ञाच्या घरी तोच प्रकार घडला जो माझ्या घरी घडला. ते घरून मोठ्या फाइली पाठवत आणि नेमक्या त्या वेळी इंटरनेट मंद झाल्याची तक्रार त्यांची मुले करत. फरक एवढाच की गेटिस यांनी कोणाला रागे न भरता मोजायला घेतले. या दुखण्याला त्यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. आपण कोठारफुगी म्हणू. त्यांच्याबरोबर डेव्ह टॅट नावाचा एक अवलिया कामाला लागला. त्याने घरगुती डब्यांचा गाभा सुधारण्याचा ध्यासच घेतला. सभेत तो श्रोत्यांनाच पाकिटे करून रांगेत उभे करी आणि रांग कशी तुंबते ते दाखवी. या कामातली पुष्कळशी फळे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जगाला मोफत वाटली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो वारला. ज्यांचे फोनवरचे बोलणे त्याच्यामुळे सुरळीत झाले, त्यांतल्या बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नाही.

औषध सापडले २०१२ मध्ये. कॅथलीन निकल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ नावाची रीत मांडली. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते: रांग किती लांब आहे हे पाहू नका, उभ्या असलेल्याला किती वेळ ताटकळावे लागले ते पाहा. प्रत्येक पाकिटावर आत आल्याची वेळ नोंदायची. ताटकळणे सतत १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिले, तर एखादे पाकीट टाकून द्यायचे. तरी फरक पडला नाही तर आणखी एक, मग थोडे लवकर आणखी एक. थोडक्यात, फाटकावरच्या माणसाने आवारात किती जागा आहे ते पाहू नये, काट्यापुढच्या बैलांच्या तोंडाला फेस आला आहे का ते पाहावे.

एरिक ड्युमाझे या कर्नलच्या जाणकाराने यात आणखी एक भर घातली. त्याने एकच रांग न ठेवता रांगांचे १,०२४ पदर केले. चित्रफितीची पाकिटे एका पदरात, आवाजाची दुसऱ्यात, आणि सगळ्यांना आळीपाळीने थोडे थोडे पुढे घ्यायचे. त्यातही ज्याचे ओझे हलके आणि येणे तुरळक, त्याला आल्याबरोबर वाट द्यायची. म्हणजेच गाठोडेवाल्या म्हातारीला ‘आजी, तुम्ही व्हा पुढे’ म्हणायचे. ट्रॅक्टरवाल्याचे काय बिघडले? दोन मिनिटे. शेगावला ज्याला मुखदर्शन घेऊन लगेच निघायचे आहे त्याला समाधीदर्शनाच्या मोठ्या बारीत उभे राहावे लागत नाही, त्यातलाच हा समंजसपणा. ‘एफ-क्यू-कोडेल’ असे त्या रीतीचे नाव. त्याच वर्षी ती लिनक्सच्या गाभ्यात आली. तिचीच एक सुधारलेली धाकटी बहीण ‘केक’ या गोड नावाने २०१८ मध्ये दाखल झाली. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे, अशाच आणखी एका रीतीची भर २०२० मध्ये या गाभ्यात घातली ती सुरतकलच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या मंडळींनी. सुरतकल म्हणजे आपल्या कोकणच्या खालचाच किनारा, मंगळूरजवळ.

‘मग आपल्या डबीत हे का नाही?’ मी विचारले.

‘डबी स्वस्तातली आहे, मामा, आणि जुना गाभा घालून विकली आहे. पण उपाय आहे.’ दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून अठराशे रुपयांची एक डबी आणली आणि तिच्यातला गाभाच बदलला. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीने आपल्या एका डबीतल्या लिनक्सची मूळ संहिता खुली केली होती, तिच्या आधारे हौशी लोकांनी २००४ मध्ये ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा उपक्रम सुरू केला. डबी विकत घेणारालाच तिचा कारभारी नेमण्याची मुभा देणारा. आता तो शेकडो प्रकारच्या डब्यांवर चालतो.

पण नुसता कारभारी बदलून भागत नाही. खरी मेख पुढेच होती. अरुंद जागा आपल्या डबीत नसतेच, ती असते जोडणी देणाऱ्याच्या यंत्रात, आणि रांग साचते ती तेथे. तेथल्या फाटकावर आपला माणूस नाही. मग रांग आपल्या अंगणात कशी आणायची? भाच्याने नव्या डबीला सांगितले की, बाहेरची वाट पाच मेगाबिटची आहे हे विसर आणि साडेचारच सोड. आत येणारी साठची, ती पंचावन्नच धर. म्हणजे सर्वांत अरुंद जागा आता आपलीच डबी झाली. रांग लागली तर आपल्या दारात लागेल, आणि दारात आपला शहाणा द्वारपाल उभा आहे. वेग वाढावा म्हणून मी पैसे मोजले होते. भाच्याने वेग थोडा कमी केला आणि काम झाले! संसारातल्या पुष्कळ गोष्टी अशाच असतात असे मला वाटून गेले, पण उपदेशाचा मोह आवरतो.

पुन्हा मोजले. घर शांत असताना २२. चित्रफीत जात असताना २६, २९, एकदा ३४. चित्रफितीला पूर्वीपेक्षा मिनिटभर जास्त लागला, एवढेच.

ज्यांच्या घरी हीच रडकथा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. योजना वाढवण्याआधी मोजा. घर शांत असताना एकदा आणि घरातून काही मोठे पाठवत असताना एकदा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर दुखणे दुसरे आहे. दुसरा आकडा पहिल्याच्या पाच-दहा पटींवर गेला तर तुमच्याकडेही कोठार फुगले आहे. नव्या डब्यांपैकी काहींत हा बंदोबस्त आधीच असतो, फक्त चालू करावा लागतो. जोडणी फार वेगाची असेल तर हा हिशेब करणारा डबीतला मेंदूही तसा तगडा लागतो, नाही तर द्वारपालच धापा टाकू लागतो. आणि घरात जाणता माणूस नसेल तर चालत्या डबीचा गाभा बदलायला जाऊ नका. माझ्यासारख्यांनी भाच्याची वाट पाहावी.

संध्याकाळी मी चिरंजिवांच्या खोलीत गेलो. वर्गात शंभर मुलांपुढे तासभर बोलणाऱ्या माणसाला एका मुलापुढे चार शब्द बोलायला किती जड जावे! मी म्हणालो, ‘जूनमध्ये तुला बोललो ते चुकले माझे. तुझ्यामुळे काही झाले नव्हते.’

तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, ‘दादा म्हणाला मला. रांगेमुळे झालं.’ थोड्या वेळाने पुढे म्हणाला, ‘पण बाबा, तेव्हा तुम्ही मला विचारलंच नाही, मी काय करतोय म्हणून. विचारलं असतं तर मी लगेच बंद केलं असतं.’

येथे मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याला ‘थोडे थांब’ असा निरोप मुलाखतीआधी द्यायला हवा होता, आणि तो द्यायला कोणत्याही गाभ्याची गरज नव्हती. मी तो दिला नाही. सारे साचू दिले, आणि मग एकदम त्याच्या अंगावर ओतले. कोठारफुगी काय फक्त डबीलाच होते?

रविवारी गावाकडे चित्रफोन लावला. चिरंजीव त्याच वेळी पोळ्याच्या बैलांची चित्रफीत पाठवत होते, न विचारता. वडिलांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आवाज खणखणीत. कन्या शेजारी बसली होती. तिने दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज केला आहे, आणि ती मुलाखतही या खोलीतूनच देणार आहे. मी वडिलांना सगळी हकिगत सांगितली. डबीची, रांगेची, आणि वेळेवर नकार देणाऱ्या द्वारपालाची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वय ७९. कापूस लावणे त्यांनी केव्हाच सोडले.

‘म्हंजे फाटकावरच सांगते तो, का आता नोको येऊ म्हून?’ त्यांनी विचारले.

‘हो, बाबा.’

‘अन् त्या म्हातारीले पुढं काढते?’

मी चमकलो. त्या म्हातारीचा उल्लेख मी केलाच नव्हता. सदतीस वर्षांपूर्वीचे ते गाठोडे त्यांच्याही मनात तसेच पडून होते तर! मी म्हणालो, ‘हो, तिला सगळ्यांच्या आधी.’

वडील जरा वेळ गप्प राहिले. मला वाटले, पडदा पुन्हा गोठला. पण त्यांच्या पापण्या हलत होत्या.

‘मंग बरं झालं,’ ते म्हणाले. ‘कोनाले तं सुचलं. आता पोरावर काऊन कावला होता ते सांग.’